दुर्बीणबाईंचे बुधवार

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईघर होतं आणि त्या धुलाईघराच्या प्रमुख बाईंना समोर सगळे 'ताई' म्हणत. पाठ वळली की मात्र 'दुर्बीणबाई'. हे नाव कुणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण कशावरून पडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. धुतलेली, वाळलेली चादर इस्त्रीच्या रोलरखालून सपाट होऊन आली की बाई ती दोन्ही हातांनी दिव्यासमोर धरत, चष्मा कपाळावर चढवत आणि एक डोळा बारीक करून अशा बघत, की वाटावं चादरीनंच कुठे हात मारलाय आणि आता साळसूदपणे समोर उभी आहे. शंभरातल्या तीनचार चादरी त्या परत धुवायला पाठवत. त्या तीनचारांत काहीतरी निघायचंच.

हा संशय चादरींपुरता असता तर ठीक होतं. नवा साबण आला की पिंपावरचा कागद बाई दोनदा वाचत आणि तरी साबण बोटांत चोळून बघत. कुणी अर्धा तास लवकर आलं तर "आज लवकरशी? काय काम काढलंस?" असं विचारत. जिन्यात एखाद्या मोठ्या डॉक्टरांनी हसून "कशा आहात?" म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत त्या हसण्याचा अर्थ लावत बसत.

याचं मूळ त्यांच्या घरात होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा कुलुपांच्या कारखान्यात होता. एकदा तिथे एक गोडबोल्या माणूस आला. टेबलाटेबलापाशी जाऊन विचारू लागला, "तुमचं काम आणखी सोपं कसं होईल?" बाईंचा नवरा मनानं सरळ. त्यानं उत्साहानं सांगितलं, की हे टेबल असं आडवं फिरवलं तर तिघांचं काम दोघांत होईल. चार महिन्यांनी टेबल आडवं फिरलं. दोघं राहिले. त्या दोघांत हा नव्हता.

"स्वतःच्या तोंडानं स्वतःची जागा देऊन आले," बाई म्हणायच्या. नवऱ्यानं घराच्या पुढच्या खोलीत कुलुपं-किल्ल्यांचं दुकान थाटलं आणि तो झालं गेलं विसरून गेला. राग धरायचं काम दोघांच्या वतीनं बाईंनी एकटीनं केलं.

तर अशा या बाईंच्या हातात एका सोमवारी अधीक्षकांच्या सहीचा कागद आला. सर्व विभागप्रमुखांनी दर बुधवारी दुपारी तीन वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या एक्स-रेच्या खोलीत हजर राहावं. सहा बुधवार. विषय, 'उद्याचं नेतृत्व'.

बाईंनी तो कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि मुख्य आचाऱ्याला गाठलं. आचारी म्हणजे रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा प्रमुख, गोलमटोल, बोलका आणि बाईंच्याच वर्षी नोकरीला लागलेला.

"उद्याचं म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. "आजचं नकोसं झालंय असाच अर्थ ना याचा?"

"अहो, प्रशिक्षण आहे. दुपारचा चहा फुकट मिळेल."

"यात काहीतरी गोम आहे. तुम्ही जपून बोला म्हणजे झालं."

बुधवारी बाई त्या खोलीत पोचल्या तेव्हा खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. बाईंना तेही आवडलं नाही. गोलात बसलं की मागे बसता येत नाही. शिकवायला आलेला माणूस पस्तिशीचा, हडकुळा, खांद्याला कापडी पिशवी. त्यानं ना फळा वापरला, ना पडदा. पिशवीतून कागद काढले आणि प्रत्येकाला एकेक दिला. कागदावर एक गोष्ट होती, जेमतेम पानभर.

गोष्ट बारा वर्षांनंतरच्या एका दुपारची होती. रुग्णवाहिका चालकाशिवाय धावतात. एक रुग्णवाहिका एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन येताना मधेच वळते, कारण दुसऱ्या रस्त्यावर कुणाची तरी अवस्था जास्त गंभीर आहे असं तिला कळतं. म्हातारीचा मुलगा रुग्णालयाच्या दारात येऊन ओरडतो, "हे कुणी ठरवलं? त्याला माझ्यासमोर आणा!" दारावर तुम्ही उभे आहात. तुम्ही काय कराल? इथे गोष्ट संपत होती.

"पुढे काय झालं?" आचाऱ्यानं विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "बारा वर्षांनी काय होईल ते मलाही माहीत नाही. पण तिथे उभं राहून एकदा विचार केला, तर आज आपण कसे ठरवतो ते दिसतं. यात बरोबर उत्तर नाही."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथेच. ज्या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही तो प्रश्न माणूस उगाच कशाला विचारेल? उत्तर नको असेल तर उत्तर देणारा हवा असणार. आणि लोक बोलू लागले तेव्हा तो गोष्टीवाला मांडीवरच्या निळ्या वहीत काहीतरी टिपत होता. बाकीच्यांनी गोष्ट ऐकली. बाईंनी तासभर त्याच्या पेनकडे बघितलं.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका किल्लीला कानस लावत होता.

"गोष्टीच सांगतोय ना बिचारा?" तो म्हणाला.

"अहो, तुमच्या वेळी प्रश्न विचारायला माणूस आला होता. आता सुधारणा झाली, गोष्टी सांगायला येतो. माणूस प्रश्नाला सावध होतो. गोष्टीत मोकळा होतो."

नवरा कानस थांबवून म्हणाला, "मग तू मोकळी होऊ नकोस."

"मी? मी ताकास तूर लागू देणार नाही."

आणि तसंच केलं त्यांनी. दुसऱ्या बुधवारी "सगळ्यांचं बरोबर आहे" म्हणाल्या. तिसऱ्या बुधवारी गोष्ट स्वयंपाकघराची होती. प्रत्येक रुग्णाचं जेवण यंत्र मोजून बनवतं, पण तीन नंबरच्या वॉर्डात लोक ताट तसंच परत पाठवतात. आचारी रंगात आला. असं करता येईल, तसं करता येईल, आणि यंत्र असेल तर चिरायला आठ माणसं कशाला, चौघं पुरतील, असं सांगू लागला. बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला. "आई गं!" आचारी ओरडला आणि गोष्टीवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं. बाईंची खात्री पटली, की आठातले चार गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी गोष्टीवाल्याला अधीक्षकांबरोबर बघितलं. अधीक्षकांचा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताचं बोट निळ्या वहीवर, आणि आवाज इतका खालचा, की बाई कपड्यांची ट्रॉली मुद्दाम हळू ढकलत गेल्या तरी दोनच शब्द कानावर पडले. "नावं" आणि "शेवटी".

चौथ्या बुधवारचा कागद हातात आला आणि पहिली ओळ वाचूनच बाईंचे कान गरम झाले. गोष्ट धुलाईघराची होती. पंधरा वर्षांनंतर चादरीत असा धागा विणलेला असतो, की चादर स्वच्छ झाली की नाही ते यंत्राला कळतं. दहा वर्षांत यंत्र एकदाही चुकलेलं नाही. एके दिवशी घड्या घालणारी एक बाई म्हणते, ही चादर मला बरोबर वाटत नाही. यंत्र म्हणतं, बरोबर आहे. वरच्या मजल्यावर चादरींची घाई आहे. तुम्ही प्रमुख आहात. कुणाचं ऐकाल?

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. खरं उत्तर त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. सव्वीस वर्षं त्या ज्यावर जगल्या तेच उत्तर. पण दोन महिन्यांपूर्वीच धुलाईघरात नवं यंत्र बसलं होतं आणि आणखी दोन यायची बोलवा होती. 'यंत्रावर विश्वास नाही' असं आपल्या तोंडून निघालं की आपण आडमुठ्या ठरलो, आणि आपल्यामागे आपली तीस माणसंही.

"यंत्राचं ऐकेन," बाई म्हणाल्या.

आचाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. गोष्टीवाल्यानं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "नक्की, ताई?"

"नक्की. लिहून घ्या."

खाली उतरताना बाईंना वाटलं, आपण एक डाव जिंकलो.

दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, नवजात बाळांच्या वॉर्डात जायची दुपटी ट्रॉलीत रचलेली होती. बाईंनी सवयीनं वरचं एक दुपटं उचललं. उजेडात धरायची गरजच पडली नाही. बोटांना ते ओशट लागलं. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात जे पिवळं मलम वापरतात, ते कडक गरम पाण्यात सुटतं आणि कोमट पाण्यात बरोबरच्या सगळ्या कपड्यांवर पसरून बसतं. बाईंनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. तेच. म्हणजे पाणी तापलंच नव्हतं. त्यांनी नव्या यंत्राच्या पाटीकडे बघितलं. पाटीवर पंच्याहत्तर अंश लिहून येत होतं, ठसठशीत हिरव्या आकड्यांत.

रोलरवर चौदा वर्षं काम करणारी बाई तिथेच उभी होती. सगळे तिला रोलरवालीच म्हणत. मोजकं बोलणारी, पण हात असा, की डोळे मिटून सांगेल कोणतं कापड कोणत्या वॉर्डातलं.

"हे तुझ्या हातून कसं सुटलं?" बाईंचा आवाज चढला.

"सुटलं नाही, ताई. कालच लागलं होतं हाताला."

"मग काल तोंडात काय धरलं होतंस?"

रोलरवालीनं मान खाली घातली नाही. "पाटीवर पंच्याहत्तर दाखवत होतं. आणि तुम्हीच म्हणालात ना बुधवारी, की यंत्राचं ऐकेन? आचारीदादांनी सांगितलं सगळ्यांना. मी म्हटलं, ताईंचंच असं म्हणणं असेल तर आता माझ्या हाताला कोण विचारतंय?"

बाईंनी हातातलं दुपटं खाली ठेवलं. ही उलट उत्तर देत नव्हती, नुसतं झालं ते सांगत होती.

"कालची कुठे गेली?" एवढंच त्यांनी विचारलं.

कालची शंभरावर दुपटी रात्रीच वर गेली होती. बाई जिना चढून धावल्या. गुडघे बोलत होते तरी थांबल्या नाहीत. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला त्यांनी सांगितलं, "एकेक दुपटं परत द्या. बाळाच्या अंगाखालचंसुद्धा. जुन्या यंत्रावर उकळत्या पाण्यात काढलेली आत्ता पाठवते."

"कुणाची चूक?" सिस्टरनं विचारलं.

"माझी."

दुपारपर्यंत सगळी दुपटी बदलून झाली. बाळांना काही झालं नाही. दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडून सांगितलं, की उष्णता मोजणारी सळईच बिघडली होती. पाणी थंड असो की गरम, ती आपली पंच्याहत्तरच सांगत होती. बाईंनी त्या यंत्रावर स्वतःच्या हातानं 'बंद' असा पुठ्ठा बांधला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मी खरं बोलून एक जागा घालवली. तू खोटं बोलून काय काय घालवणार होतीस, बघ." एरवी त्यांनी त्याला गप्प केलं असतं. त्या दिवशी ऐकून घेतलं.

पाचव्या बुधवारी गोष्टीवाल्यानं कागद वाटायला पिशवीत हात घातला, तेवढ्यात बाई उठून उभ्या राहिल्या.

"गोष्ट नंतर. आधी माझं ऐका. गेल्या वेळी मी खोटं बोलले." आणि त्यांनी शुक्रवारी काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. रोलरवालीचं बोलणंही गाळलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. "आता ती वही द्या."

गोष्टीवाल्यानं क्षणभर विचार केला आणि वही दिली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वहीत प्रत्येक विभागाला एक पान होतं आणि पानावर लोकांच्या बोलण्यावरून त्याला पडलेले प्रश्न होते. आचाऱ्याच्या पानावर लिहिलं होतं, 'ताटं परत का येतात हे विचारायला वॉर्डात कोण जातं?' त्यांच्या स्वतःच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'धुलाईघर. उत्तर दिलं, पण ते त्यांचं नव्हतं. या बाई कुणाला वाचवताहेत?'

बाईंना राग आला आणि त्याच वेळी काहीतरी हललंही आत. पण नुसत्या दोन ओळींनी विरघळणाऱ्या त्या नव्हत्या.

"साहेबांनी तुमच्याकडे नावं मागितली आहेत. कसली?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, "बदलाला कोण आडवं येईल त्यांची."

आचाऱ्यानं हातातला कप खाली ठेवला.

"दिलीत?"

"नाही. शेवटच्या बुधवारी अहवाल द्यायचा आहे. त्यात नावं घालायची नाहीत असं मी ठरवलंय. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही."

"ठेवणारही नाही," बाई म्हणाल्या. "अहवाल आमच्यासमोर वाचा. साहेबांना इथे बसवून. आणि त्या दिवशीची गोष्ट मी लिहून आणते."

ती गोष्ट लिहायला बाईंना चार संध्याकाळी लागल्या. शाळा सुटल्यानंतर त्यांनी याद्यांखेरीज काही लिहिलं नव्हतं. नवऱ्यानं दोन वाक्यं सुचवली, त्यातलं एक त्यांनी खोडलं आणि सकाळी पुन्हा लिहिलं.

सहाव्या बुधवारी अधीक्षक आले, घड्याळ बघत बसले. गोष्टीवाल्यानं अहवाल वाचला. नावं नव्हती. अधीक्षकांच्या कपाळावरची आठी सगळ्यांना दिसली. मग बाई उभ्या राहिल्या. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"दहा वर्षांनंतरची गोष्ट आहे. धुलाईघरात माणसं थोडी, यंत्रं भरपूर. पाटी सांगते, कापड स्वच्छ आहे. एका बाईचा हात सांगतो, नाही. पण आडवं येणाऱ्यांची एक यादी असते आणि त्या यादीत आपलं नाव जाईल, ही त्या बाईला भीती आहे. म्हणून ती काही बोलत नाही. ट्रॉली वर जाते. साहेब, तुम्ही या रुग्णालयाचे अधीक्षक आहात. चूक झाली हे तुम्हाला कधी कळेल?"

अधीक्षकांनी आधी हसायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही. त्यांनी गोष्टीवाल्याकडे बघितलं, तो खिडकीबाहेर बघत होता.

"उशीर झाल्यावर," ते अखेर म्हणाले. आणि मग जरा तुटकपणे, "मला बैठक आहे," असं म्हणून निघून गेले.

त्यानंतर सगळं गोडच झालं असं नाही. वर्षभरात दोन नवी यंत्रं आलीच. धुलाईघरातली अकरा माणसं कमी झाली. सात जणांना दुसऱ्या विभागांत घेतलं, चौघं गेले, त्यातले दोघं रडत गेले. पण कोण जाणार हे सहा महिने आधी आणि तोंडावर सांगायचं, यावर बाई अडून बसल्या आणि तेवढं त्यांनी करून घेतलं. शिवाय प्रत्येक यंत्रावर ते थांबवणारं एक लाल बटण आलं. हाताला खटकलं की कुणीही ते दाबायचं, विचारायचं नाही. हा नियम कुणामुळे झाला ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. बाईंचं मत असं, की बाळांच्या दुपट्यांची बातमी वर्तमानपत्रात जाईल म्हणून साहेब घाबरले. गोष्टीवाल्याला पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्याचं कारण काय असेल, यावरही बाईंचं मत होतं.

बुधवार मात्र बाईंनी सोडला नाही. दुपारी तीन वाजता घड्यांच्या लांब टेबलाभोवती त्या आपल्या माणसांना जमवू लागल्या. "समजा, पाच वर्षांनी..." अशी सुरुवात करत आणि एखादी गोष्ट सांगत. कधी पाणीच नसलेल्या दिवसाची, कधी दोन वॉर्डांना एकाच वेळी चादरी हव्या असल्याची. मग विचारत, "तुम्ही प्रमुख असता तर?"

पहिल्या बुधवारी कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. तिसऱ्या वेळी बाईंना कुजबूज ऐकू आली, "ताई आपल्या तोंडून काढून घेताहेत. वर सांगायला." बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी खिसे उलटे करून दाखवले, टेबलावर कागद-पेन काही नाही हे दाखवलं. तरी आणखी महिना गेला.

मग एका बुधवारी रोलरवाली बोलली. "ताई, मी एक गोष्ट सांगू? समजा, पाच वर्षांनी धुलाईघराची प्रमुख चुकते आहे. रोज चुकते आहे. आणि सगळ्यांना दिसतंय. तर सांगायचं की नाही?"

टेबलाभोवती सगळ्यांचे हात थांबले.

"हे पाच वर्षांनंतरचं विचारतेस की आजचं?" बाईंनी एक डोळा बारीक केला.

"तुम्हीच म्हणालात ना, की गोष्टीत बरोबर उत्तर नसतं."

"नसतं. तरी सांग."

रोलरवालीनं सांगितलं. शस्त्रक्रियेची हिरवी कापडं बाई वीस मिनिटं जास्त वाळवायला लावतात, त्यानं ती कडक होतात आणि लवकर फाटतात. बाईंनी तावातावानं वाद घातला. जुन्या यंत्राचा दाखला दिला, सव्वीस वर्षांचा दाखला दिला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दोन ढीग वेगवेगळे वाळवून घेतले, संध्याकाळी दोन्ही हातांनी चाचपून बघितले, पुन्हा बघितले, आणि वाळवणीच्या तक्त्यावरचा आकडा खोडून त्याच्या शेजारी रोलरवालीनं सांगितलेला आकडा लिहिला.